वाचकांचे प्रश्न : बडोद्याहून रॉटरडॅम, ॲमस्टरडॅमचा हिशेब

या खेपेला बडोद्याच्या वाचकांची बरीच पत्रं एकाच विषयावरची निघाली: घरातलं कोणीतरी नेदरलँड्सला निघालंय आणि तिथे महिन्याला किती लागतील याचा अंदाज लागत नाही. उत्तरांतले आकडे मुद्दामच युरोत ठेवले आहेत. प्रत्येक गोष्टीचे रुपये करत बसलं की तिथे कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेववत नाही.

प्रश्न : मुलीला रॉटरडॅमला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला आहे. फीशिवाय वर्षभराच्या राहण्या-खाण्याची रक्कमही विद्यापीठाने आधीच मागितली आहे. तेवढ्यात भागेल ना? शिवाय ती अर्धवेळ नोकरी करेल, ते धरून चालावं का?
– एक पालक, दांडिया बाजार

ही रक्कम तिथल्या इमिग्रेशन खात्याने ठरवलेली असते. २०२५ साली उच्च शिक्षणासाठी ती महिना सुमारे ११३० युरो होती आणि दर वर्षी थोडी वाढते. तो राहण्याच्या परवान्यासाठीचा किमान आकडा आहे, अंदाजपत्रक नव्हे. रॉटरडॅममध्ये सामायिक घरातली एक खोली साधारण ६५० ते ९०० युरोंना मिळते, ॲमस्टरडॅमला त्याहून दीडदोनशे जास्त धरा. स्वयंपाक घरी केला तर खाण्याला २२० ते २८०, विद्यार्थी विम्याला ४० ते ६०, फोनला १० ते १५. सायकल असेल तर शहरातल्या प्रवासाचा खर्च जवळपास शून्य. म्हणजे रॉटरडॅमला खोली ७५०च्या आत मिळाली तर ती रक्कम जेमतेम पुरते, ॲमस्टरडॅमला पुरत नाही.

खरी अडचण पहिल्या महिन्यात येते. विद्यापीठाकडे भरलेले पैसे परत मिळायला बहुधा तिथलं बँक खातं लागतं, खात्यासाठी नागरिक सेवा क्रमांक लागतो, तो क्रमांक नगरपालिकेत पत्ता नोंदवल्यावर मिळतो, आणि नोंदणीची वेळ सप्टेंबरच्या गर्दीत दोन-तीन आठवड्यांनंतरचीही मिळू शकते. तोवर घरमालकाला पहिलं भाडं आणि अनामत द्यायची असते. ७५०ची खोली असेल तर भाडं ७५० आणि अनामत जास्तीत जास्त १५००, म्हणजे २२५० एका दमात गेले. गादी, पांघरूण, भांडी, जुनी सायकल यांचे वेगळे. म्हणून ३००० ते ३५०० युरो फॉरेक्स कार्डवर निराळे ठेवा. सगळे रोख नेऊ नका, तिथे कित्येक दुकानं फक्त कार्ड घेतात.

नोकरीचं उत्पन्न हिशेबात धरू नका. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला आठवड्याला १६ तास किंवा जून ते ऑगस्ट पूर्णवेळ काम करता येतं, दोन्ही नाही. त्यासाठीचा परवाना मालकाने काढायचा असतो, आणि डच येत नसेल तर या खटपटीत पडायला बरेच मालक तयार नसतात. काम मिळालंच तर २१ वर्षांपुढे किमान वेतन २०२५च्या उत्तरार्धात तासाला १४.४० युरो होतं. सोळा तासांचे महिन्याला सरासरी हजाराच्या आसपास होतात, कर कापायच्या आधी. पण नोकरी धरली की विद्यार्थी विमा चालत नाही. डच मूलभूत आरोग्यविमा सक्तीचा होतो, त्याचा हप्ता महिना दीडशेच्या आसपास. तो हप्ता भरायला सरकारकडून भत्ता मिळतो आणि कमी उत्पन्नाला त्यातला बराच भाग सुटतो, मात्र अर्ज आपण करायचा. पुष्कळ मुलं विमा बदलायचं विसरतात आणि मग आधी ताकीद, पुढे दंडाचं पत्र घरी येतं.

भारतातून पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापते. शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर तो लागत नाही. कापला गेलाच तर पाठवणाऱ्याच्या विवरणपत्रात वळता करून मिळतो, त्यामुळे ज्याचं विवरणपत्र नियमित भरलं जातं त्याच्याच खात्यातून पाठवा.

प्रश्न : ॲमस्टरडॅमच्या कंपनीकडून वर्षाला ७० हजार युरोंचा प्रस्ताव आहे. पत्नी आणि तीन वर्षांचा मुलगा बरोबर येतील. एका पगारात निभेल का?
– एक वाचक, मांजलपूर

आधी कंपनीला विचारा, ७० हजारांत सुट्टीभत्ता धरलाय का. तिथे पगाराच्या ८ टक्के रक्कम बाजूला ठेवून वर्षातून एकदा, बहुधा मे महिन्यात देतात. ती आत धरली असेल तर महिन्याचा करपूर्व पगार ५८३३ नसून ५४०० उरतो.

दुसरी गोष्ट ३० टक्क्यांची सवलत. परदेशातून नेमलेल्या कुशल कर्मचाऱ्याच्या पगाराचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग जास्तीत जास्त पाच वर्षं करमुक्त राहतो, २०२७पासून हे प्रमाण २७ टक्के होईल. सवलत वजा करून उरलेला पगार ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त हवा. २०२५ची मर्यादा ४६,६६० होती. तुमचे ४९,००० उरतात, म्हणजे बसतं. करार बडोद्यात असतानाच सही करा, कारण ‘परदेशातून नेमणूक’ ही अट आहे. अर्ज कंपनी आणि तुम्ही मिळून करायचा. रुजू झाल्यापासून चार महिन्यांच्या आत केला तर लाभ पहिल्या दिवसापासून मिळतो, उशीर झाला की मधले महिने बुडतात.

सवलत मिळाली तर तिघांचं निभेल, पण ऐसपैस नाही. एका बेडरूमचं घर १८०० ते २३०० युरो. शिवाय करपूर्व पगार भाड्याच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त असावा, असा बहुतेक मालकांचा आग्रह असतो, त्यामुळे तुमची वरची मर्यादा आपोआप १८००च्या आसपास येते. जाहिरातीत घर कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. ‘काल’ म्हणजे अगदी उघडं, जमिनीवर काँक्रीट, दिव्यांच्या जागी लोंबत्या वायरी. ‘खेस्टोफेर्ड’मध्ये फरशी-पडदे असतात, ‘खेम्यूबिलेर्ड’मध्ये फर्निचरही. दोनशे युरो स्वस्त म्हणून उघडं घर घेतलं तर ती बचत फरशीतच जिरते. भाडं वीज-गॅस धरून की वगळून, हेही लेखी घ्या. वीज-गॅसचा महिन्याचा हप्ता आगाऊ अंदाजाने ठरतो आणि खरा हिशेब वर्षाअखेरीस होतो, म्हणून हप्ता कमी ठेवून खूश होऊ नका.

वर्षातून एकदा नगरपालिकेचं कचऱ्याचं आणि जलमंडळाचं बिल येतं. सांडपाण्याची आकारणी एकट्याला एका एककाची असते, दोघं किंवा जास्त असलात की सरसकट तीन एककांची. दोघांना तिघांएवढं का, याचं उत्तर आमच्याकडेही नाही.

पाळणाघर मात्र डोळे उघडे ठेवून निवडा. दर तासाला १० ते १२ युरो. आठवड्याला अकरा तासांचे तीन दिवस धरले तरी महिन्याला पंधराशेच्या घरात जातं. सरकारी भत्ता आई-वडील दोघंही नोकरी करत किंवा शिकत असतील तरच मिळतो. तुमच्या पत्नीला तिथे वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येईल, पण नोकरी लागेपर्यंत मुलाला घरीच ठेवा. चार वर्षांचा झाला की सरकारी शाळा सुरू होते, तिला फी नाही, फक्त ऐच्छिक वर्गणी असते. आरोग्यविम्यात अठरा वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही. मोठ्यांना वर्षाला पहिले ३८५ युरो स्वतः सोसावे लागतात. फॅमिली डॉक्टरची भेट त्यात मोजत नाहीत. मोठ्यांच्या दातांचा खर्च मूलभूत विम्यात नसतो, म्हणून दाढेचं काम बडोद्यातच उरकून जा.

लग्नाचा आणि तिघांच्या जन्माचा दाखला अपोस्टिल करून (परदेशात ग्राह्य धरला जाण्यासाठीचा सरकारी शिक्का घेऊन) न्या. दाखला नुसता गुजरातीत असेल तर आधी इंग्रजीतला मिळतो का ते बघा, नाहीतर शपथबद्ध भाषांतरकाराचा खर्च वाढतो.

प्रश्न : भावाला ऑनलाइन एक घर मिळालं. मालक सध्या परदेशात आहे, तीन महिन्यांची अनामत पाठवली की किल्ली कुरियरने पाठवतो म्हणतो. पाठवावी का?
– एक वाचक, कारेलीबाग

नाही. जुलै २०२३पासूनच्या करारांत अनामत मूळ भाड्याच्या दोन महिन्यांपुढे घेता येत नाही, तिथेच हा माणूस उघडा पडतो. घर कोणी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे पाठवायचेच नाहीत. मालकासाठी काम करणाऱ्या दलालाला भाडेकरूकडूनही दलाली घ्यायचा हक्क नाही. ‘या पत्त्यावर नोंदणी होणार नाही’ असं सांगणारं घर कितीही स्वस्त असलं तरी सोडा. नोंदणी नाही तर क्रमांक नाही, खातं नाही, भत्ते नाहीत. घर मिळाल्यावर भाडं अवाजवी वाटलं तर घराला गुण देऊन भाडं ठरवायच्या सरकारी पद्धतीनुसार ते तपासून घेता येतं, त्यासाठी ‘ह्यूरकोमिसी’ नावाचं सरकारी भाडेमंडळ आहे.

प्रश्न : नातवाबरोबर काय बांधून देऊ? साजूक तूप, लीलो चेवडो, कुकर, मिक्सर?
– एक आजी, रावपुरा

तूप नको, आजी. युरोपात बाहेरच्या देशातून प्रवाशाला दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यात तूप, पेढे, श्रीखंड सगळं आलं. विमानतळावर सापडलं तर काढून घेतात. ताजी फळं आणि कढीपत्त्यालाही रोगमुक्तीचा दाखला लागतो. चेवडा, मेथकूट, मसाले खुशाल द्या. तूप लोणी कढवून तिथे करता येईल. कुकर ॲल्युमिनियमचा नको, नव्या घरांत इंडक्शन शेगडी असते आणि त्यावर तो तापतच नाही. इंडक्शनवर चालणारा स्टीलचा तीन लिटरचा द्या. मिक्सर चालेल, वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त पिन बदलावी लागेल. पाण्याचा फिल्टर देऊ नका, नळाचं पाणी उत्तम असतं. डाळ-तांदूळ-कणीक तिथल्या आशियाई ‘टोको’ दुकानांत मिळतात. हेगमध्ये राहणार असेल तर सुरिनामी हिंदुस्तानी, म्हणजे सुरिनाममधून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे, भेंडी-दोडकी हाखसे मार्केटमध्ये मिळतील. हा बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो, उठायच्या वेळी भाव उतरतात.

प्रश्न : ट्रामचा पास काढावा का?
– एक विद्यार्थी, फतेहगंज

आधी महिनाभर बँकेच्या कार्डाने प्रवास करून बघ. चढताना कार्ड लावतोस तसं उतरतानाही लाव. विसरलास तर बस-ट्राम-मेट्रोला ४ युरो कापले जातात, रेल्वेला २०. उतरल्यापासून ३५ मिनिटांच्या आत दुसरी ट्राम किंवा बस पकडलीस तर चढताना लागणारं मूळ भाडं पुन्हा लागत नाही. सायकल घेतलीस तर दुकानातून पावती घेऊन घे, पुलावर कोणी २० युरोंना देत असेल तर ती चोरीची असते आणि घेणाराही गुन्हेगार ठरतो. कुलपं दोन लाव, एक चाकाला, दुसरं साखळीचं, खांबाला.