व्हॅक्यूम पंप काढायचा, पण परवानगीचे काय?

प्रश्न : आम्हा दोघा भावांच्या मालकीचे जुने सेस्ना १७२ विमान जुहू विमानतळावर असते. त्यातली व्हॅक्यूम पंपावर (हवा खेचणाऱ्या पंपावर) चालणारी, विमानाचा कल आणि दिशा दाखवणारी जायरो उपकरणे काढून इलेक्ट्रॉनिक डिस्प्ले बसवायचा आहे. डिस्प्लेला अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेची एसटीसी असल्यामुळे वेगळी परवानगी लागत नाही, असे विक्रेता सांगतो. ते खरे का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : अर्धेच खरे. एसटीसी म्हणजे विमानाच्या मान्य रचनेत करायचा एखादा बदल तपासून मंजूर झाल्याचे प्रमाणपत्र. परंतु तुमच्या विमानाची नोंदणी व्हीटी या अक्षरांनी सुरू होते, म्हणजे ती भारतीय आहे, त्यामुळे ते उड्डाणयोग्य आहे की नाही हे डीजीसीए ही भारताची विमान नियामक संस्था ठरवते आणि एफएएच्या कागदाला येथे तिची संमती लागते. प्रमाणपत्र तुमच्याच मॉडेलला लागू आहे ना, हे पाहून प्रमाणपत्रधारकाकडून तुमच्या विमानाच्या अनुक्रमांकासह वापराची लेखी परवानगी घ्या. पॅनेल उघडल्यावर अर्ज करू म्हणणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांची विमाने किती काळ हँगरमध्ये उभी राहिली, ते त्यांनाच विचारावे.

वजन, समतोल, मजबुती, विश्वासार्हता किंवा उड्डाणगुण यांवर जाणवण्याजोगा परिणाम न करणारा बदल सीएआर-२१ या डीजीसीएच्या नियमावलीनुसार किरकोळ ठरतो, बाकीचे मोठे. तुमचा बदल किरकोळ म्हणून निभावेल, असे मला वाटत नाही, कारण ढगात शिरल्यावर वैमानिक ज्या उपकरणावर विसंबतो तेच तुम्ही बदलत आहात. जुन्या व्यवस्थेत अल्टरनेटर (वीज तयार करणारे यंत्र) बंद पडला तरी इंजिन फिरत असेपर्यंत पंप जायरो चालवत राहतो; नव्या व्यवस्थेत ती सोय जाते. म्हणून पर्यायी बॅटरी आणि विद्युतभाराचा हिशेब यांवर सर्वाधिक विचारणा होईल, असे धरून चाला.

वजनाचा हिशेब तुलनेने सोपा आहे. समजा, रिकामे विमान ७०० किलोचे असून गुरुत्वमध्य (जिथे विमानाचे वजन तोलले जाते तो बिंदू) मोजमापाच्या संदर्भरेषेपासून १ मीटर मागे आहे. रेषेपासून ०.४ मीटरवरची ५ किलोची उपकरणे काढून तेथेच २ किलोची बसवली, तर वजन ६९७ किलो आणि आघूर्ण (वजन गुणिले अंतर) ६९८.८ किलो-मीटर होते, म्हणजे गुरुत्वमध्य जेमतेम अडीच मिलिमीटर मागे सरकतो. फरक नगण्य असला तरी तो वजन-समतोल पत्रकात नोंदवावाच लागतो. उड्डाण-पुस्तिकेची पुरवणीही विमानात ठेवावी.

काम मान्यताप्राप्त देखभाल संस्थेकडून करून घ्या आणि प्रमाणित नोंद लॉगबुकात आल्याशिवाय विमान हलवू नका. जुहूला समुद्र जवळ असल्याने खाऱ्या हवेत जोडण्या लवकर गंजतात, तेव्हा पॅनेल उघडलेच आहे तर जुन्या तारा आणि अर्थिंगही तपासून घ्या. नव्या तारांमुळे चुंबकीय होकायंत्राचे वाचन बदलू शकते. म्हणून शेवटी त्याची दिशाचाचणी घेऊन वाचनातला फरक दाखवणारे नवे दुरुस्तीपत्रक त्याच्याजवळ लावावे.