अँजिओप्लास्टी झाल्यावर संस्थेसाठी मॅरेथॉन धावावी का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, आता एका संस्थेसाठी पैसे जमवून मुंबई मॅरेथॉन धावायची आहे, पण घरचे घाबरतात.

मी धावलोय. एकोणपन्नासाव्या वर्षी एलएडीमध्ये, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या एका मुख्य धमनीत, स्टेंट बसला आणि त्यानंतर अडीच वर्षांनी माहीमहून सुटणारी २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन केली. तुम्हीही पहिल्याच वर्षी ४२ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनचा हट्ट धरू नका.

टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) बघून डॉक्टर हो म्हणाले, त्यानंतरच बूट घेतले. सुरुवातीचे कित्येक महिने नुसतं चालणं, मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं. बीटा ब्लॉकर ही हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर जास्तीत जास्त ठोक्यांचं ‘२२० वजा वय’ हे गणित विसरा. त्या गोळीने ठोके मुळातच दबलेले असतात, त्यामुळे घड्याळातला आकडा कमी दिसला तरी ताण जास्त असू शकतो. धावताना सोबत्याशी एक सलग वाक्य बोलता आलं नाही की मी वेग कमी करायचो. आणि गुडघा दुखतोय म्हणून मनाने आयबुप्रोफेन घेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता पैसे जमवण्याबद्दल, कारण माझी चूक तिथे झाली. तपासणीला गेलो असताना ओपीडीत एक जोडपं बसलेलं होतं, मांडीवर ओठ निळे पडलेलं बाळ. ते दोघं कागदावर परत परत तीच बेरीज करत होते. माझा खर्च विम्यातून निघाला होता. म्हणून मी जन्मतः हृदयविकार असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी पैसे मागितले आणि लोकांनी भरभरून दिले. डिसेंबरातल्या एका रविवारी सरावात छाती जड वाटली. तिथेच थांबायला हवं होतं. पण पैसे दिलेल्यांचे चेहरे डोळ्यांपुढे आले आणि आणखी दोन किलोमीटर रेटले. तपासण्या ठीक आल्या, तरी डॉक्टर खूप रागावले, आणि ते बरोबरच होतं.

त्या रात्री मी सगळ्यांना कळवलं, ‘पैसे मुलांसाठी आहेत. मी अर्ध्यात थांबलो तरी ते मुलांनाच मिळतील.’ मावशीचं लगेच उत्तर आलं, ‘थांबलास तर वर आणखी देईन.’ तुम्ही हा निरोप पहिल्याच दिवशी पाठवा.

हाजी अलीनंतरचा पेडर रोडचा चढ मी पूर्ण चालत चढलो. खिशात सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी) होती, छातीवर लावायच्या नंबरच्या, म्हणजे बिबच्या मागे औषधांची नावं आणि बायकोचा नंबर लिहिलेला होता.

घरच्यांना पुढच्या तपासणीला सोबत न्या. माझ्या बायकोने सगळे प्रश्न डॉक्टरांना स्वतः विचारले, तेव्हा कुठे ती तयार झाली. शर्यतीच्या सकाळी ती मरीन ड्राइव्हला संत्र्याच्या फोडी घेऊन उभी होती.