परागकणांच्या इंजेक्शनचं तीन वर्षांचं पॅकेज: एफडी मोडून पैसे भरावेत का?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही पुण्यात राहता, मुलगी ११ वर्षांची. भर पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत तिला शिंका येतात, नाक गळतं, डोळे लाल होतात. क्लिनिकने ॲलर्जीची चाचणी आणि ३ वर्षांची इंजेक्शनं (ज्या परागांचा त्रास होतो त्यांचाच अर्क थोडाथोडा टोचून शरीराला सवय लावणारी) मिळून एकरकमी ७२,००० रुपये सांगितलेत. नाहीतर दरमहा २,५००. घरखर्च महिन्याला ४५,००० आणि हाताशी दीड लाखाची एफडी. ती मोडू का, असं तुम्ही विचारलंय.

मोडू नका. उपचाराला माझी ना नाही, एकरकमी भरण्याला आहे.

३६ महिन्यांचे ९०,००० होतात, म्हणून १८,००० वाचल्यासारखे वाटतात. आता ७२,००० ला २,५०० ने भागून बघा. इंजेक्शनं २९व्या महिन्यापर्यंत चालली तरच पॅकेज परवडतं. वर्षभरात थांबलात, तर ३०,००० च्या जागी ७२,००० गेलेले असतील. आणि थांबायला कारणं कमी नसतात. सुरुवातीचे काही महिने साधारण दर आठवड्याला खेप, टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं (तीव्र रिॲक्शन आली तर डॉक्टर जवळ हवेत, तेव्हा इथे घाई नको), त्यात शाळा, क्लास, नोकरीतली बदली. वर्षभर नीट घेऊनही फरक पडला नाही, तर पुढे चालू ठेवायचं का याचा डॉक्टरही फेरविचार करतात. थोडक्यात, त्या १८,००० च्या बदल्यात तुम्ही मध्येच थांबायची मोकळीक देऊन टाकताय. ‘नो कॉस्ट ईएमआय’चंही तेच: इंजेक्शनं थांबली तरी हप्ता थांबत नाही.

पद्धत मात्र भोंदू नाही. १९११ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क टोचून ती सुरू केली. फायदा झाला तर तो इंजेक्शनं संपल्यावरही काही वर्षं टिकू शकतो.

म्हणून आधी फक्त चाचणीचे पैसे द्या. त्वचेवर अर्काचा थेंब टाकून हलकं टोचतात, १५-२० मिनिटांत गांधी उठते की नाही ते कळतं. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या त्याआधी किती दिवस बंद ठेवायच्या ते डॉक्टरांना विचारा, नाहीतर निकाल चुकेल आणि फी वाया जाईल. पॅकेजमधल्या ८० पदार्थांच्या यादीला भुलू नका. गांधी उठली म्हणजे त्रास त्याचाच, असं नसतं. गाजरगवताला किंवा एखाद्या गवताला गांधी उठली आणि ते फुलण्याचे महिने मुलीच्या त्रासाशी जुळले, तर त्या इंजेक्शनला अर्थ आहे. घरातल्या धुळीतल्या किड्यांचीही चाचणी करून घ्या. त्रास बाराही महिने थोडाथोडा असेल तर गवताच्या इंजेक्शनवर खर्च कशाला? मुलीला दमा असेल, तर तो आटोक्यात आल्याशिवाय सुरुवातच नको.

विम्याची आशा धरू नका. ही इंजेक्शनं ओपीडीत मोडतात आणि बहुतेक पॉलिसी ओपीडीचा खर्च देत नाहीत. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत ओपीडी आहे का, तेवढं एचआरला विचारा. मुलीच्या उपचाराचा खर्च आयकरातल्या ८०डीच्या वजावटीतही बसत नाही. तिच्यासाठी पुढे नवी पॉलिसी घ्याल तेव्हा फॉर्ममध्ये ही ॲलर्जी लपवू नका, क्लेम अडतो.

पैसे कुठून आणायचे? एफडीत जेमतेम सव्वातीन महिन्यांचा घरखर्च आहे, तिला हात नको. शिक्षणाची एसआयपीही चालू राहू द्या. स्कूटीसाठीची दरमहा ३,००० ची आरडी दोन महिन्यांत संपतेय असं तुम्ही लिहिलंय, ती पुन्हा सुरू करू नका; त्याच पैशातून इंजेक्शनचे दरमहा २,५०० भरा. स्कूटी लांबेल, पण आता स्प्रे, गोळ्या आणि तपासणीवर वर्षाला ६,००० जातात तेही कदाचित कमी होतील. निव्वळ पैशात हा खर्च भरून निघणार नाही, हे धरूनच चला. तो मुलीच्या झोपेसाठी आणि शाळेसाठी आहे.

क्लिनिकशी एकदा घासाघीस करून बघा. पॅकेजच्याच दराने वर्षाचे २४,००० घ्यायला ते तयार झाले, आणि मध्येच थांबल्यास उरलेले पैसे परत करू असं लेखी दिलं, तर पहिल्या वर्षाचे एकदम भरायला माझी हरकत नाही.