उतरत्या रेषेलाही ‘चढ’च?

प्रश्न : मुलीच्या दहावीच्या पुस्तकात ‘रेषेचा चढ’ आहे. रेषा खाली येत असली तरी म्हणे ‘ऋण चढ’! सरळ ‘उतार’ का म्हणत नाहीत? आणि हा ‘आंतरछेद’ काय प्रकार?

खोपोलीहून खंडाळ्याला निघालात की बोरघाट म्हणजे चढ. परत येताना तोच उतार. रस्ता तोच, शब्द जाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून बदलतो. रेषेवर कुणी चालत नसतं, म्हणून गणिताने तिला डावीकडून उजवीकडेच वाचायचं ठरवलं. क्ष (आडवं माप) एकाने वाढला की य (उभं माप) कितीने वाढतो, तो चढ. य घटला तर वाढ उणे, म्हणून चढही उणे. सूत्र असं : रेषेवरचे दोन बिंदू घ्या, वर त्यांच्या य ची वजाबाकी, खाली क्ष ची, आणि भागाकार. गंमत अशी की सूत्रात दोन बिंदूंची अदलाबदल केली तरी उत्तर तेच राहतं, कारण वरच्या आणि खालच्या, दोन्ही वजाबाक्यांची चिन्हं एकदम पालटतात. घाटात ही सोय नाही.

थोडक्यात, ‘चढ’ हे मापाचं नाव आहे. तापमान उणे दोन असतं, तेव्हा आपण ‘थंडमान दोन’ म्हणतो का? आडव्या रेषेचा चढ शून्य. उभीचा मात्र काढताच येत नाही, कारण तिथे शून्याने भागायची वेळ येते.

हिंदीत याला ‘ढाल’ म्हणतात. मराठी कानाला लगेच तलवार आठवते. गवंड्याचा ‘ढाळ’ चालला असता, पण त्यात पाणी खालीच जातं. ‘चढ’ मला आवडतो.

‘आंतरछेद’ तितका नाही. अपूर्णांकातला ‘छेद’ मुलांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो, त्यामुळे गोंधळ होतो. इथे अर्थ इतकाच : रेषा अक्षाला जिथे कापते, तिथला आकडा. समजा, टाकीत ५०० लिटर पाणी आहे आणि मिनिटाला २० लिटर जातंय. क्ष मिनिटांनी उरलेलं पाणी य धरलं, तर य = ५०० − २०क्ष. चढ उणे २०. य-अक्षावरचा आंतरछेद ५००, म्हणजे सुरुवातीचं पाणी. क्ष-अक्षावरचा २५, म्हणजे टाकी रिकामी व्हायची मिनिटं. हे दोन ठिपके पट्टीने जोडले की आलेख तयार.

ही युक्ती य = ३क्ष पाशी अडते. दोन्ही आंतरछेद शून्य, ठिपका एकच. तिथे चढच कामाला येतो : आरंभबिंदूपासून, म्हणजे दोन्ही अक्ष मिळतात तिथून, एक घर उजवीकडे, तीन घरं वर.