‘थिऑलॉजिकल मिसेलनी’ म्हणजे एक पुस्तक धरायचं का?

प्रश्न असा की व्हॅटिकनच्या ‘पाल. लॅट.’ (पॅलाटिना संग्रहातली लॅटिन हस्तलिखितं) नंबरच्या एका हस्तलिखिताच्या स्कॅनमध्ये ऑगस्टीन, जेरोम हे जुने ख्रिस्ती धर्मलेखक, मधेच कुणाची तरी प्रवचनं असं सगळं एकाच बांधणीत आहे, कॅटलॉगवाला ‘थिऑलॉजिकल मिसेलनी’ (धर्मविषयक किरकोळ लेखांचा संग्रह) लिहून मोकळा झालाय, मग हे एक पुस्तक धरायचं का. नाही धरायचं, निदान लगेच तरी नाही. आपल्याकडे जुनी अभंगांची बाडं असतात ना, एकाच शिवणीत चार संत आणि दोन अनामिक, तसंच समजा. आणि बाडात ‘नामा म्हणे’ दिसलं की कुठला नामा ते जसं तपासावं लागतं तसं इथे ‘ऑगस्टीन’ दिसलं की तपासायचं.

उगाच नाही सांगत. फुल्गेन्टियस नावाच्या बिशपचं ‘दे फिदे आद पेत्रुम’ हे पुस्तक कितीतरी शतकं ऑगस्टीनच्या नावावर फिरलं. पण सगळ्यात भारी केस पेलागियस या त्यांच्याच काळातल्या धर्मलेखकाची. ऑगस्टीन आणि जेरोम दोघंही त्याच्यामागे हात धुऊन लागले होते, ४१८ साली तो पाखंडी ठरला, आणि त्याचं बायबलमधल्या पौलाच्या पत्रांवरचं भाष्य टिकलं कसं, तर लोक ते जेरोमचं समजून उतरवत राहिले म्हणून! त्यामुळे वरच्या नावावर जाऊ नका, मजकुराची पहिली ओळ घ्या आणि ती सर्च करा. लाल शाईतलं शीर्षक बऱ्याचदा मागाहून भरलेलं असतं, कधी भलत्याच माणसाने.

आता बांधणीचं. ‘पाल.’ म्हणजे जर्मनीतल्या हायडेलबर्गची पॅलाटिना लायब्ररी. १६२२ मध्ये तीस वर्षांच्या युद्धात शहर पडलं, बव्हेरियाच्या माक्सिमिलियनने लायब्ररी पोपला भेट दिली (लूटच ती, भेट कसली) आणि पोपचा माणूस लिओने अलात्ची याने ती १६२३ मध्ये १९६ पेट्या भरून खेचरांवरून आल्प्सपार रोमला नेली. वजन वाचवायला बऱ्याच पुस्तकांची जुनी कव्हरं काढून टाकली. म्हणजे आज स्कॅनमध्ये जी बांधणी दिसते तिच्यावरून मध्ययुगात काय एकत्र होतं ते कळत नाही. १८१६ मध्ये ८४७ जर्मन हस्तलिखितं हायडेलबर्गला परत गेली, लॅटिन बहुतेक रोमलाच राहिली.

मग कळायचं कसं? चर्मपत्राची जुडगी बघा. साधारण चार पत्रं दुमडून आठ पानांचं एक जुडगं होतं आणि शेवटच्या पानाच्या तळाशी कधीकधी त्याचा क्रमांक असतो. क्रमांक मधेच पुन्हा एकपासून सुरू झाला, अक्षर बदललं आणि तिथलंच पान जास्त मळकं, घासलेलं असलं तर तो भाग आधी सुटा पडून असावा असं मानायला जागा आहे. उलट लेख संपून त्याच पानावर त्याच हाताने दुसरा लेख सुरू झाला असेल तर ते मुद्दाम एकत्र उतरवलेलं आहे, आणि तसं असेल तर कुणी हे लेख शेजारीशेजारी का ठेवले हा खरा मजेचा प्रश्न. तुमचं हस्तलिखित जर्मनीतल्या लॉर्शच्या मठातलं निघालं तर अजून सोपं, कारण त्या मठाच्या लायब्ररीच्या नवव्या शतकातल्या याद्या पाल. लॅट. १८७७ मध्ये आहेत, तुमचे लेख तिथे एकाच नोंदीत येतात का ते ताडून बघा.

वाचताना ‘डीएस’ (ds) या अक्षरांवर आडवी रेघ दिसली की तो ‘देउस’ (देव) या शब्दाचा संक्षेप, ‘डीएनएस’वर (dns) दिसली की ‘दोमिनुस’चा (प्रभू). एवढ्यावर पहिलं पान रेटता येईल. अडलात तर पान नंबर टाका, पुढची बाजू की मागची तेही लिहा.