चर्चच्या दाराशी नव्याने उभे राहणाऱ्यास

दर रविवारी दाराशी उभे राहून येणाऱ्यांचे स्वागत करण्याची जबाबदारी आपण स्वीकारली आहे, म्हणून काही सुचवतो. नवख्या माणसाला ‘जय ख्रिस्त’ म्हणावे, नाव विचारावे, पण आडनाव आणि मूळ गाव यांची चौकशी लगेच सुरू करू नये. आपल्याकडे या दोन प्रश्नांआडून बहुधा जातच विचारली जाते, आणि विचारणाऱ्याच्या ध्यानीमनी नसले तरी ऐकणाऱ्याला ते बोचते.

खरी अडचण उपासना सुरू झाल्यावर येते. गीताचा क्रमांक पुकारताच सगळे उभे राहतात आणि नवा माणूस पाने उलटत राहतो. अशा वेळी शेजारच्या सभासदाने पान काढून आपले पुस्तक त्याच्या हाती द्यावे. आपले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरात वेगवेगळ्या रीतींच्या सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून उभे राहिले, त्यामुळे आपल्याच चर्चच्या दुसऱ्या गावाहून आलेल्या कुटुंबालाही इथली रीत अनोळखी वाटू शकते. प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीसाठी, कोणी पुढे यावे, हे पाळकसाहेबांनी आधी एका वाक्यात सांगावे, असा आग्रह धरा.

पाहुण्यांना उभे करून टाळ्या वाजवण्याची प्रथा मला स्वतःला पटत नाही. बुजऱ्या माणसाला ती शिक्षाच वाटते. त्यापेक्षा उपासनेनंतरच्या चहाकडे लक्ष द्या, कारण तिथे जुने सभासद आपापल्या सोयऱ्याधायऱ्यांत रमतात. नवा माणूस एकटा पडू नये म्हणून त्याच्याशी बोलायला एखाद्या कुटुंबाला आधीच सांगून ठेवावे. फोन नंबर दुसऱ्या भेटीत मागितला तरी चालतो.