आधी गाडीखाली शिर

बाय,

परवा तू मोबाइलवर तीन गाड्या दाखवल्यास आणि विचारलंस, "काका, यातली कुठली घेऊ?" फोटो सगळे वरचे. बॉनेट, टायर, सीटची कव्हरं. खालचा एकही नाही. मी तेव्हा गप्प बसलो, कारण तुमच्या घरात चौघं एकदम बोलत होती. एकाला डबल कॅब हवी, दुसऱ्याला नवी बोलेरो, तुझ्या मामाला स्वस्तातला छोटा हत्ती आणि आजीला मुळात गाडीच नको. मधल्या मध्ये तुझं तोंड एवढंसं झालेलं. ते डोळ्यांसमोरून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

कुळागर, म्हणजे तुमची सुपारी-नारळाची बाग, चालवावं की नाही, मुलीने पिकअप चालवावी की नाही, यावर मी शाई खर्च करणार नाही. ते तुझं ठरलेलं आहे. मी फक्त गाडीचं बोलतो.

तुझा माल काय? सुपारीच्या गोणी, सोललेले नारळ, केळीचे घड, थोडी मिरी, येताना खत. छोटा हत्ती साधारण पाऊण टन घेतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला तेवढा पुरेसा आहे, पण तुमच्या कुळागरातून वर येणारा तो मातीचा चढ भरल्या गाडीने जूनमध्ये चढायचा आहे, हे मामा विसरतो. बोलेरो पिकअप सव्वा-दीड टन आरामात नेते. ती डबल कॅब दिसते मोठी, पण माणसांची जागा वाढली की हौदा आखूड होतो. केळीचे घड उभे करायला गेलीस तर मागचा फाळका लागणार नाही. वर माल वाहण्याची ताकद बोलेरो पिकअपपेक्षा कमी. ती गाडी वाईट नाही, तुझ्या कामाची नाही. झालं, निवडीचा विषय माझ्यापुरता एवढाच. बोलेरो घे. नवी परवडत नसेल तर जुनी घे. पण जुनी घेताना आधी गाडीखाली शिर.

हे मी बाजारात, लग्नात, गॅरेजमध्ये इतक्यांना सांगितलं आहे की लोक मला पाहून हसतात. हसू देत. इंजिनाचा आवाज सगळे ऐकतात. इंजिन उतरवता येतं, दुरुस्त करता येतं, दुसरं बसवता येतं. चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, गेली की गाडी गेली. आणि चॅसी दिसते ती फक्त खालून.

आपल्या गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरी तालुक्यात त्याहून जास्त. तरी माझा राग पावसावर नाही. पावसाचं पाणी गोडं, ते मीठ धुऊन नेतं. राग आहे तो चिखलावर. मागच्या चाकाच्या वर, चॅसीला हौदा टेकतो त्या बेचक्यात तांबडी माती घट्ट बसते आणि वरून कोरडी दिसली तरी आतून दिवाळीपर्यंत ओली राहते. तिथे बोट घाल. चतुर्थीनंतर ऊन पडलं, गाडी चकचकीत पुसली, म्हणून लोक खूश असतात आणि आत पत्रा हळूहळू खाल्ला जात असतो. किनाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे तिथे पाऊस नसतानाही लोखंड ओलंच. तुझ्या फोटोंतली किनाऱ्यावरच्या कांदोळीची ती गाडी तुला एवढी स्वस्त का मिळते आहे, याचा विचार केलास? नंबरपाटीवरून काही कळत नाही. जीए-03 म्हटलं की म्हापशाची नोंद. गाडी समुद्रासमोर उभी होती की आत थिवीला, हे पाटी सांगत नाही. खालून बघितलं की कळतं.

कसं बघायचं ते नीट वाच. टॉर्च, लहान हातोडी, चुंबक आणि जुना पेचकस. पाठीवर झोप. हातोडीने चॅसीवर पुढून मागे हलके टोले देत जा. शाबूत लोखंड खणखणतं. जिथे आवाज बद्द येतो तिथे पेचकस टोच. पोपडे सुटले तर ठीक, पेचकस आत गेला तर उठ आणि घरी जा. किंमत विचारू नकोस. पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, जिथे चॅसीला लटकतात तो कोपरा, त्यांना धरून ठेवणारे शॅकल आणि यू-बोल्ट, हौद्याखालचे आडवे पट्टे, हे सगळं बघ. कॅबच्या दारांच्या खालच्या कडेला चुंबक लाव. चिकटला नाही तर आत पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरून रंग मारला आहे. खाली नवंकोरं काळं कोटिंग दिसलं तर जास्त संशय घे. गंज न खरवडता वरून कोटिंग मारलं की ओल आतच कोंडते आणि गंज झाकलेलाच वाढत जातो. विकणारा "नुकतंच अंडरकोटिंग केलंय" असं अभिमानाने सांगेल. तू मान डोलाव आणि पेचकस काढ.

मासळी वाहिलेली गाडी फुकट दिली तरी घेऊ नकोस. बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या सांध्यांतून वर्षानुवर्षं चॅसीवर ठिबकलेलं असतं. वास गेला तरी मीठ जात नाही.

आता थोडं माझं. तुझी काकू म्हणते की मी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसा तिच्या पत्र्यावर घातला. हिशेब तिचा बरोबर आहे, पण हिशेबाची वही चुकीची. माझी पहिली पिकअप घरात लग्न निघालं तेव्हा विकायला लागली. रंग उडालेला, बॉनेट वाकडं, म्हणून तिला भाव आला नाही. चॅसी मात्र अशी होती की हातोडी मारली तर देवळातली घंटा वाजावी. घेणाऱ्यालाही ते माहीत नव्हतं. पुढे बऱ्याच वर्षांनी ती मला साखळी गावच्या बाजारात उभी दिसली. मी सरळ रस्त्यावर वाकून खाली बघितलं. मालक ओरडत आला. चॅसी तशीच होती! त्या दिवसापासून जी हळहळ लागली ती लागली, आणि आताची गाडी मी विकत नाही. हट्ट म्हण. म्हातारपणाचा हट्ट म्हण, चालेल.

लोखंडाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा मला सगळे वेडा म्हणत होते. "पिकअप काय चालवतोस, कर्ज काढ, टिप्पर घे." मी घेतला नाही. 2012 च्या पावसाळ्याअखेर खाणी बंद पडल्या. पुन्हा कुठे सुरू होतात तोच 2018 च्या मार्चमध्ये परत बंद. दारादारांत ट्रक उभे राहिले. उभ्या गाडीचं काय होतं ते मी डिचोलीत रोज येताजाता बघितलं आहे. हौद्यात पानं, पानांखाली ओल, पाट्याला पाटा गंजाने चिकटलेला, टायर जमिनीत रुतलेले. मजा बघ, त्या ट्रकांनी आयुष्यभर वाहिलं ते हेमेटाइट, म्हणजे लोखंड आणि प्राणवायू. गंजही त्याच घराण्यातला. चिऱ्याचा तांबडा रंग तोच. आपल्या मातीत लोखंड मुळात त्याच रूपात राहतं, मधले चार दिवस आपण त्याची गाडी करून फिरवतो. म्हणून सांगतो, घेतलीस तर चालव. उभी ठेवायची असेल तर घेऊच नकोस.

आणि घेतल्यावरही गाडीखाली शिरायचं आहे, हे विसरू नकोस. पाऊस संपला की दसऱ्याच्या आत एकदा हौद्यातला रबर मॅट काढ, सगळी माती खालून वर पाणी मारून काढ, दोन दिवस उन्हात उभी कर. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात पाणी जायला. ती मातीने बुजतात आणि दार आतून कुजतं. त्यात हीर घालून मोकळी कर, झाडूतली साधी हीर. गंजाचा ठिपका दिसला की तारेच्या ब्रशने पांढरं लोखंड दिसेपर्यंत खरवड, रेड ऑक्साइड, मग रंग. इकडचे काही लोक जळकं ऑइल फवारतात. लोखंडाला चालतं, पण रबरी बुश फुगून मऊ होतात, तिथे उडू देऊ नकोस. कुणाला काम द्यायचं तर समोर उभी राहा. मी पैसे मोजलेल्या एका गॅरेजने फक्त बाहेरून दिसतं तेवढंच रंगवलं होतं.

पिकअप आली की नातेवाईक वाढतात, त्याचीही तयारी ठेव. चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान आण, कुणाचा फ्रिज ने, गणपती पोचव. कर, आनंदाने कर. पण चिरे कुणी सांगितले तर वजन विचार. एक चिरा तीस किलोच्या आसपास, शंभर चिरे म्हणजे तीन टन. "जवळच जायचंय गो" म्हणतात. चॅसीला जवळ-लांब कळत नाही, ती वेल्डिंगपाशी तडकते, आणि ती तडक खाली वाकल्याशिवाय दिसत नाही. विसर्जनाला वाळूवर गाडी घालायची नाही. एक तर किनाऱ्यावर गाडी नेणं गुन्हा आहे, आणि दुसरं मी आता परत लिहीत नाही, तुला कळलं असेल.

रिकामी गाडी घेऊन चोर्ला घाटात पावसात उतरशील तेव्हा मागे मातीच्या चार गोणी टाक. मागचा भाग हलका असतो, वळणावर ब्रेक दाबला की शेपूट फिरते.

रविवारी कांदोळीची ती गाडी बघून टाकू, म्हणजे घरातला एक आवाज कमी होईल. जुने कपडे घाल. "आधी एक चक्कर मारून बघा" असं मालक म्हणेल. चावी घेऊ नकोस. हातोडी आणि टॉर्च माझ्याकडे आहे, गोणपाट तू आण.

तुझा,
काका

ता. क. : पिकअपला वेगळं लायसन्स लागतं असं मामा सांगतो, ते जुनं झालं. साध्या मोटारीच्या लायसन्सवर 7,500 किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये तसा निकाल दिला आहे. पाटी मात्र पिवळी येईल आणि पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, चुकवता येणार नाही. पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी एकदा, मग दरवर्षी. पासिंगच्या आदल्या आठवड्यात गाडी माझ्या अंगणात आणून लाव.